आमची वाटचाल : सात टेबलं आणि आईचे नखुले

मी क्रूझ जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, आठ वर्षं काढली. दक्षिण इटलीतल्या बारी बंदराला जहाज लागलं की चार तास मोकळे मिळायचे. तिथल्या जुन्या गावात एक गल्ली आहे, बायका दारातच टेबल मांडून पास्ता वळत बसतात. कणकेची दोरी करायची, पेराएवढा तुकडा तोडायचा, त्यावरून सुरीचं पातं ओढायचं आणि अंगठ्यावर उलटा करायचा. झाला छोटासा कान. ओरेकिएत्ते म्हणजे इवले कानच. अंड्याचा पत्ता नाही, फक्त रवा आणि पाणी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. अहो, हे तर आमच्या आईचे नखुले! रुखवतात गव्हले, मालत्या, बोटव्यांच्या शेजारी मांडतात ते.

कोथरूडच्या आतल्या गल्लीत गाळा मिळाला. एकीकडे इस्त्रीवाला, दुसरीकडे पिठाची गिरणी. २०१६ च्या दसऱ्याला सात टेबलांचं पास्त्याचं हॉटेल उघडलं आणि २८ दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, नोटाबंदी आली. स्वाइप मशीन यायचं होतं. गल्ल्यावर बाबा. त्यांनी सरळ किराणा दुकानासारखी उधारीची वही घातली. बहुतेकांनी पैसे आणून दिले. दोघांकडून अजून येणं आहे, आणि वही बाबांनी जपून ठेवली आहे.

इटलीहून येणारा रवा परवडेना. आईने बन्सी रव्याची पिशवी पुढे केली. बन्सी म्हणजे ड्युरम गहूच, पास्ताचाच. फक्त जाड. तिकडेही पास्त्यासाठी दोनदा दळलेला रवा घेतात, तेव्हा मी डबा घेऊन शेजारी गेलो. "रवा परत दळायचाय? घरात भांडण झालं का?" गिरणीवाले काका म्हणाले. आता डबा दिसला की न विचारता दळून देतात. बारीला ओरेकिएत्ते सलगमच्या जातीच्या पाल्याबरोबर खातात. आम्ही मुळ्याचा पाला, भरपूर लसूण आणि सुकी मिरची घालतो. मुळ्याचा पाला इटालियन म्हणून विकतो याची बायको अजून थट्टा करते.

सुरुवातीला सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य : "अहो, हे कच्चं राहिलंय." मी टेबलाशी उभा राहून 'अल देन्ते', म्हणजे दाताला किंचित लागेल इतपतच शिजवलेला पास्ता, समजावायचो. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर असेल, पण माझी कवळी इथलीच आहे." तेव्हापासून त्यांच्या केओटीवर, म्हणजे आत जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, 'आजोबा, ४ मिनिटं जास्त' असं लिहिलेलं असतं. कार्बोनारा म्हणजे अंडं आणि चीजचा पास्ता, मुळात त्यात क्रीम नसतं. क्रीम घातलेला मात्र आमच्याकडे मिळत नाही. दर आठवड्याला कुणीतरी मागतं, दर आठवड्याला मी नाही म्हणतो.

एक चूक सांगायलाच हवी. २०१७ च्या श्रावणात एका ताईंनी विचारलं, "हे पार्मेजान चीज शाकाहारी आहे ना?" "हो, दुधाचंच," मी म्हणालो आणि आत गेलो. आत गेल्यावर पाय थिजले. पार्मेजानसाठी दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने फाडतात. जहाजावर हे मला पाठ होतं, पण शाकाहारी पानाशी त्याचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता. बाहेर येऊन ताईंना खरं सांगितलं. त्या ताटावरून उठल्या. दुसऱ्या दिवशी दाराशी फळ्यावर लिहिलं : 'आजवर शाकाहारी पदार्थांवर किसलेलं चीज शाकाहारी नव्हतं. चूक आमची.' आईने स्वतः दहा महिने ते खाल्लं होतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काही गिऱ्हाईकं कायमची तुटली, आणि त्यांचा राग चुकीचा नव्हता. आता सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं देशी चीज वापरतो. चवीला थोडं उणं आहे, ते मान्य.

मार्च २०२० ला टाळेबंदी. पिझ्झा खोक्यातून जातो, पास्ता घरी पोचेपर्यंत त्याचा गोळा होतो. एप्रिलच्या उन्हात आईने गच्चीवर जुनं धोतर अंथरलं आणि कुरडयांच्या शेजारी ओरेकिएत्ते वाळत घातले. अर्ध्या किलोची पाकिटं सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विकली, भाडं त्यातूनच निघालं. एका काकूंनी त्यांची दूध-साखर-वेलची घालून खीर केली आणि फोटो पाठवला. मी काय बोलणार? नखुल्यांची खीरच करतात.

आई आता ७२ ची आहे. मनगट दुखतं, म्हणून गल्लीतल्या दोघी सकाळी मदतीला येतात. त्यातल्या एकीचा हात आईपेक्षा जलद आहे, पण हे आईसमोर बोलायची सोय नाही. तिघी मिळून तीन किलो वळतात, म्हणजे साधारण तीस प्लेटा. मध्यंतरी इस्त्रीवाल्याने गाळा सोडायचं ठरवलं. मालकांनी आम्हालाच आधी विचारलं. बायकोने हिशेब मांडला : टेबलं अकरा होतील, पण वळणारे हात तेवढेच. मी आईला पास्ताच्या मशीनचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाली, "याला नख कुठाय?"

गाळा घेतला नाही. शनिवारी ओरेकिएत्ते साडेआठलाच संपतात, तेव्हा येण्याआधी फोन करा. आजोबांची एक प्लेट मात्र बाजूला काढलेली असते, ती मागू नका.