आमची वाटचाल : मालकामागे उरलेल्या विमानांचे मोल

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या विचिटा शहरात सेस्ना आणि बीचक्राफ्ट या कंपन्यांची हजारो लहान विमाने घडली, आणि आजही येथे मोटारीच्या जोडीने विमान बाळगणारी, चारचौघांसारखी नोकरी करून निवृत्त झालेली माणसे भेटतात. मी सांगलीहून अभियंता म्हणून येथे आलो, विमान मेकॅनिकचा परवाना मिळवला आणि काही वर्षे दुरुस्तीच्या हँगरमध्ये राबलो. ज्यांचे विमान मी दरवर्षी तपासत असे, त्या एका वृद्ध वैमानिकाचे निधन झाल्यावर त्यांच्या मुलीने मला विचारले, "याचे आता किती येतील?" या प्रश्नातून, बारा वर्षांपूर्वी, मी आणि माझी पत्नी अशा दोघांची, दिवंगतांच्या विमानांचे मूल्य ठरवणारी ही संस्था उभी राहिली.

दिवंगताच्या मालमत्तेतील विमानाचे मूल्यांकन हे नेहमीच्या खरेदी-विक्रीतील अंदाजापेक्षा वेगळे असते. येथे आजचा भाव नव्हे, तर साधारणपणे मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव ठरवावा लागतो, कारण वारसाने पुढे विमान विकले तर त्याचा करपात्र नफा त्या आकड्यापासून मोजला जातो. शिवाय मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांनी विमानाची नोंदणी निष्प्रभ होते. बहुतेक घरांना याची कल्पना नसते, त्यामुळे ओक्लाहोमा सिटी येथील नोंदणी कार्यालयात नोंदणीची स्थिती काय आहे आणि विमानावर कोणाचे कर्ज किंवा बोजा नोंदलेला आहे का, हे आम्ही आरंभीच पाहतो.

आमची सर्वांत महागडी शिकवण सुरुवातीच्या वर्षातली आहे. एका विमानाच्या इंजिनचे ओव्हरहॉल (म्हणजे ते पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती) होऊन केवळ ३०० तास झाल्याचे लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, होते, आणि पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत निर्मात्याने सुचवलेली मर्यादा २,००० तासांची असल्याने मी इंजिन जवळपास नवे धरले. ते ओव्हरहॉल वीस वर्षांपूर्वीचे होते आणि शेवटची काही वर्षे विमान जागचे हललेच नव्हते, याला मी पुरेसे महत्त्व दिले नाही. लायकमिंग कंपनीच्या या चार सिलिंडरच्या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनच्या झडपा उघडणारा फिरता दांडा, वरच्या बाजूस असतो. इंजिन दीर्घकाळ बंद राहिले की त्यावरील तेल ओघळून जाते आणि उघड्या पडलेल्या पोलादाला गंज धरतो. विमान विकत घेऊ पाहणाऱ्या ग्राहकाच्या मेकॅनिकने सिलिंडर काढून तो गंज दाखवला, तेव्हा कुटुंबाला नव्या ओव्हरहॉलचा खर्च, म्हणजे ३०,००० डॉलरहून अधिक रक्कम, किमतीतून सोडावी लागली. आम्ही आमचे शुल्क परत केले, पण त्या घरासमोर मान खाली घालून उभे राहावे लागले ते लागलेच. तेव्हापासून आमच्या अहवालात 'किती तास चालले' याच्या आधी 'किती दिवस बसून होते' हा रकाना येतो.

तपासणीची वाटणीही अनुभवातून ठरली. हँगरमधले काम माझे : गारांनी पंखांवर पडलेले पोचे (कॅन्ससमध्ये हे नित्याचेच), पंखात घरटे करून राहिलेल्या उंदरांच्या मूत्राने खाल्लेले ॲल्युमिनियम, आणि नव्या रंगाखाली काय झाकले आहे याची शंका. लॉगबुके वाचण्याचे काम पत्नीचे. ती जेवणाच्या टेबलावर वह्या मांडून पहिल्या उड्डाणापासूनची प्रत्येक नोंद वाचते, सेस्नाच्या आसनांच्या रुळांची सक्तीची तपासणी वेळोवेळी झाली का हे पाहते, मोठ्या दुरुस्तीची स्वतंत्र कागदपत्रे जुळवते आणि मधली चार-दोन वर्षे कोरी दिसली की मला हाक मारते. सेस्नाने १९८६ मध्ये थांबवलेले एक-इंजिनी लहान विमानांचे उत्पादन सुमारे दहा वर्षांनी पुन्हा सुरू झाले. त्यामुळे आमच्याकडे येणारी बहुतेक विमाने १९६० आणि १९७० च्या दशकांतील असतात, आणि अशा वयात पत्र्याइतकेच वजन कागदाला असते. लॉगबुके हरवली असतील, तर उत्तम स्थितीतील विमानाचीही किंमत चांगलीच घसरते.

मूल्याच्या टक्केवारीवर आम्ही शुल्क घेत नाही आणि ज्याचे मूल्य ठरवले ते विमान स्वतः विकत घेत नाही. एकदा मला अतिशय आवडलेले १९५६ चे सेस्ना १७२, म्हणजे त्या मॉडेलच्या पहिल्याच वर्षातले, डोळ्यांसमोरून दुसऱ्याच्या हाती गेले. त्याची हळहळ अजून आहे.

वह्यांबाबत घरोघरी एक घोटाळा मात्र हमखास होतो. विमानाची लॉगबुके आणि वैमानिकाची स्वतःची उड्डाणवही एकाच कपाटात असतात, आणि विक्रीच्या घाईत दोन्ही ग्राहकाकडे तरी जातात किंवा दोन्ही रद्दीत तरी पडतात. विमानाची लॉगबुके विमानाबरोबर जायलाच हवीत. उड्डाणवहीचा मात्र ग्राहकाला काहीच उपयोग नसतो. म्हणून पहिल्या भेटीतच आम्ही त्या वेगळ्या करतो आणि उड्डाणवही घरच्यांच्या हाती देतो. अनेकदा त्यानंतरचा अर्धा तास कोणी किमतीचा विषय काढत नाही.