डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन: कुणी घ्यावा, कुणी नको

न्यू जर्सीतल्या एडिसनहून आम्ही पाच जण ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला गेलो होतो. मी, नवरा, सात वर्षांची लेक आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. चार रात्री, पाच दिवस, मुक्काम डिस्नेच्याच पॉप सेंच्युरी हॉटेलात. राइड्सबद्दल वाचायला ढीगभर मिळतं, म्हणून मी फक्त खाण्याबद्दल लिहिते. आमची खरी डोकेफोड तिथंच झाली.

बुकिंग करणाऱ्या एजंटने फोनवर सांगितलं होतं, "ताई, डायनिंग प्लॅन टाकून घ्या, सगळं खाणं त्यातच." डायनिंग प्लॅन म्हणजे मुक्कामातल्या जेवणांचे पैसे आधीच भरून टाकायचे. पण सगळं खाणं त्यात नसतं. दोन प्लॅन आहेत. स्वस्तातल्या क्विक सर्व्हिस प्लॅनमध्ये माणशी दर रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणं आणि एक स्नॅक. महागातल्या डिस्ने डायनिंग प्लॅनमध्ये बसून वाढलं जाणारं एक जेवण, काउंटरवरचं एक आणि एक स्नॅक. दोन्हीत एकेक मग मिळतो, तो हॉटेलात हवा तितक्यांदा भरून घ्यायचा. म्हणजे नाश्ता, दुपार, रात्र असा आपला हिशोब इथं बसतच नाही. शिवाय क्रेडिट, म्हणजे प्रत्येक जेवणाचं किंवा स्नॅकचं एकेक कुपन, रात्रींवर मिळतात आणि पोट मात्र दिवसांवर चालतं. चार रात्रींच्या क्रेडिटवर पाच दिवस काढायचे.

हा प्लॅन २००५ साली सुरू झाला. तेव्हा त्यात स्टार्टर आणि टिपसुद्धा धरलेली असायची, २००८ पासून दोन्ही गेलं. २०१८ मध्ये एकवीस वर्षांवरच्यांना जेवणासोबत बिअर, वाइन किंवा कॉकटेल चालू झालं. २०२० मध्ये कोविडमुळे सगळंच बंद पडलं आणि प्लॅन परतला तो थेट ९ जानेवारी २०२४ ला, दिवसाला दोनाऐवजी एकच स्नॅक घेऊन. तेव्हा मोठ्या माणसाचा दर रात्रीचा भाव छोट्या, म्हणजे क्विक सर्व्हिस प्लॅनला ५७.०१ आणि मोठ्या प्लॅनला ९४.२८ डॉलर होता. आता छोटा साठच्या आसपास आहे आणि मोठा शंभराला टेकलाय. त्यामुळे कुणी "आम्ही दहा वर्षांपूर्वी गेलो तेव्हा मस्त वसूल झाला होता" असं सांगितलं, तर हसून सोडून द्या. तो प्लॅन वेगळा होता.

मग आम्ही घेतलाच का? लेकीमुळे. २०२६ मध्ये मोठ्यांनी प्लॅनसकट पॅकेज घेतलं की तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचा प्लॅन फुकट आहे. तीनच्या आतल्या पिल्लांना तर प्लॅन लागतच नाही, ती आईबापाच्या ताटातलं खातात. मात्र बुक करताना विचारून घ्या, की ही सवलत धरली तर खोलीवरची दुसरी सूट मिळते का. कधी कधी ती सूटच जास्त पैशांची निघते.

आता मुख्य गोष्ट, आई-बाबांची. एका बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या प्रत्येकाला तोच प्लॅन घ्यावा लागतो. एकाला मोठा, एकाला छोटा, एकाला काहीच नाही, असं चालत नाही. पॉप सेंच्युरीच्या साध्या खोलीत चौघंच मावतात, त्यामुळे आम्हाला तसंही दोन खोल्या घेणं भाग होतं. मी दोन्ही खोल्यांचं बुकिंगच वेगळं केलं. आमच्या खोलीला मोठा प्लॅन, आई-बाबांच्या खोलीला काही नाही. आई शुद्ध शाकाहारी, त्यात तिचं जेवण चिमणीएवढं. बाबांना पथ्य. दोघांचे रात्रीचे दोनशे डॉलर कशासाठी भरायचे? या एका निर्णयाबद्दल मी अजून स्वतःची पाठ थोपटते.

बसून जेवायच्या ठिकाणांचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना त्या एकाच दिवशी पूर्ण मुक्कामाचं करून घेता येतं. मी पहाटे पावणेसहाचा गजर लावून बसले होते. क्रेडिट कुठं खर्च करायचे ते तेव्हाच ठरवा. नाहीतर ऐन वेळी जिथं जागा मिळेल तिथं पास्ता खाऊन मोठं, म्हणजे बसून जेवायचं, क्रेडिट घालवाल. आमचा नियम सोपा होता: मोठं क्रेडिट बुफेलाच. शेफ मिकीज आणि टस्कर हाउस या दोन्ही ठिकाणी मिकी-डोनाल्ड मंडळी टेबलापाशी येतात आणि माणशी एकच क्रेडिट लागतं. रोख दिलं असतं तर मोठ्या माणसाचे साठ डॉलरच्या पुढे गेले असते. सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या जेवणाला मात्र दोन क्रेडिट जातात. लेकीने हट्ट केला, मी ऐकला नाही.

टिपेचं विसरू नका. टेबलापाशी वाढणाऱ्याची टिप प्लॅनमध्ये नसते. आम्हा तिघांच्या एका बुफेवर तीसेक डॉलर टिप झाली. "जेवण तर आधीच भरलंय" म्हणत नवरा निवांत होता, बिल आल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. सहा किंवा जास्त माणसं असली तर अठरा टक्के आपोआपच लागतात.

सगळ्यात छान संध्याकाळ सनामध्ये गेली. हे डिस्नेच्याच ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलाच्या किदानी व्हिलेज भागातलं रेस्टॉरंट. जेवण आफ्रिकन, पण मसाल्यांना भारतीय हात. पॉप सेंच्युरीहून थेट बस नाही. ॲनिमल किंगडम पार्कला जाऊन तिथून लॉजची बस पकडायची, नाहीतर सरळ उबर. अंधार पडायच्या आत पोचा, कारण खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. इथली ब्रेड सर्व्हिस प्रसिद्ध आहे: वेगवेगळे नान आणि सोबत नऊ वाट्या. चिंचेची चटणी, कोथिंबिरीची, आंब्याची, लसणाचं लोणचं, काकडीची कोशिंबीर आणि अजून बरंच. ही स्टार्टरमध्ये धरतात, म्हणून ती प्लॅनवर आली नाही, आम्ही वेगळे पैसे भरले. आई-बाबांचं दोघांत मिळून तेवढ्यातच पोट भरलं. आईने नऊच्या नऊ वाट्या क्रमाने चाखल्या, नानाचा तुकडा बोटाएवढाच. चिंचेला पास केलं. कोथिंबिरीच्या वाटीशी थबकली. "अगं, ह्यात मिरची घालायला विसरलेत काय?" मग पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी निघाली. बाहेर जिराफ उभा, आत सांगलीची चटणी. मी प्लॅनवर मेन कोर्स, गोड आणि पेय घेतलं, आणि निम्मा वेळ त्यांच्याच वाट्यांत हात घालत होते.

काउंटरवरच्या जेवणात शाकाहारी लोकांनी ॲनिमल किंगडम पार्कच्या पँडोरा भागातलं सातुली कँटीन चुकवू नये. तिखटसर टोफूचा बोल मिळतो, खाली भात किंवा नूडल्स. मेनूवर हिरव्या पानाची खूण असेल तर तो पदार्थ पूर्ण वनस्पतीजन्य. ॲपवरून ऑर्डर करतानाही क्रेडिट वापरता येतात, दुपारी रांगेत उभं राहायची गरज नाही.

मधेच आईची संकष्टी आली. राजगिऱ्याचे लाडू आणि केळी सोबत होतीच. डिस्नेच्या पार्कमध्ये घरचं खाणं नेता येतं, फक्त काचेची बाटली आणि दारू नको. बर्फाच्या पाण्याचा ग्लास काउंटरवर मागितला की फुकट मिळतो, पाण्याच्या बाटलीवर स्नॅक क्रेडिट घालवू नका. सहा-सात डॉलरचं मिकीचं आइस्क्रीम किंवा डोल व्हिप (अननसाचं मऊ आइस्क्रीम) घ्या. नाश्त्याला आम्ही उपम्याची पाकिटं नेली होती, मायक्रोवेव्ह फूड कोर्टात असतो, खोलीत नाही. मगाच्या तळाशी चिप असते आणि तो फक्त हॉटेलांतच चालतो, पार्कात नाही. बाबांनी चहासाठी स्वतःचा मग विकत घेतला, तो आता सांगलीला चाललाय.

हिशोब म्हणाल तर मी पावत्या जपून ठेवल्या होत्या. आम्ही दोघं मोठी माणसं वीस-तीस डॉलरने तोट्यातच राहिलो. आम्ही पीत नाही, मांसाहार बेताचा. लेकीचं फुकट धरलं तेव्हा कुठं दीडशेच्या वर वाचले. जोडप्यांनी, शाकाहारी आणि न पिणाऱ्यांनी, मोठा प्लॅन घेऊ नये असं माझं मत. बिअर-वाइन घेणाऱ्यांचं गणित वेगळं पडेल.

एक चूक आमचीही झाली. उरलेली क्रेडिट चेक-आउटच्या दिवशी रात्री बारापर्यंत चालतात, पण आमचं विमान दुपारचं होतं. हे शेवटच्या रात्री अकराला लक्षात आलं. पावतीच्या तळाशी उरलेले आकडे छापलेले असतात, ते मी बघितलेच नव्हते. पाच स्नॅक शिल्लक. मी आणि नवरा नाइटड्रेसवरच फूड कोर्टात धावलो आणि मिळतील ती बंद पाकिटं उचलली. एडिसनला डब्यात अजून दोन मार्शमेलोच्या वड्या पडून आहेत. आई त्यांना चिक्की म्हणते आणि हात लावत नाही.