बिलबेरीच्या गोळ्या मागवण्याआधी

जुलै-ऑगस्टात फिनलंडच्या जंगलात बिलबेरी पिकते. मालक कुणीही असो, जंगलातली फळं वेचायची इथे सगळ्यांना मुभा आहे. फणीसारखे दात असलेला डबा झुडपातून ओढायचा, पालापाचोळा उडवायचा, आणि फळं न धुता थेट फ्रीझरमध्ये टाकायची. आधी धुतली की साल फुटते आणि रस निघून जातो. मात्र नांदेड-परभणीकडून विचारणा होते ती फळांची नाही, गोळ्यांची. "डोळ्यांना चांगल्या असतात म्हणे, आणि शुगरलाही."

आधी फळ ओळखा. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये डबीत मिळते ती ब्लूबेरी, लागवडीची. ती घोसांनी लागते आणि आतून फिकट हिरवट असते. बिलबेरी (व्हॅक्सिनियम मिर्टिलस) घोटा ते गुडघ्याएवढ्या झुडपावर एकेकटी लागते. चिरली की आतपर्यंत गडद जांभळी निघते, बोटं आणि जीभ रंगवते. हा रंग अँथोसायनिनचा. बिलबेरीत त्याचे 15 प्रकार असतात, आणि बहुतेक संशोधन त्यांच्याभोवतीच फिरतं.

डोळ्यांचा दावा दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश वैमानिकांच्या गोष्टीवर उभा आहे: बिलबेरीचा जॅम खाल्ला आणि रात्री चांगलं दिसू लागलं. 2000 साली अमेरिकेत तरुणांवर चाचणी झाली. 160 मिलिग्रॅम अर्क, दिवसातून 3 वेळा, 3 आठवडे. रात्रीच्या नजरेत काही फरक पडला नाही. 2004 मध्ये कँटर आणि अर्न्स्ट या संशोधकांनी तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा काटेकोरपणे केलेल्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर झालेली इजा या गोळ्यांनी भरून निघते असाही भक्कम पुरावा नाही. म्हणून कळकळीने सांगतो: घरात शुगरचं माणूस असेल तर बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी वर्षातून एकदा करून घ्या. गोळ्या चालू आहेत म्हणून ती पुढे ढकलू नका. पडदा खराब होत असताना सुरुवातीला दुखतही नाही आणि कमीही दिसत नाही.

साखरेबाबत थोडी आशा आहे, पण थोडीच. स्कॉटलंडमधल्या एका अभ्यासात टाइप 2 मधुमेहाच्या 8 पुरुषांना ग्लुकोज पाजण्याआधी 0.47 ग्रॅम अर्क दिला, तेव्हा साखर कमी चढली. पण हा एकाच डोसचा परिणाम होता, तोही आठच माणसांवर. फिनलंडमध्येच झालेल्या दुसऱ्या अभ्यासात रोज 400 ग्रॅम ताजी बिलबेरी 8 आठवडे खायला दिली. शरीरातली सूज दाखवणारे घटक उतरले, वजन आणि साखर मात्र होती तिथेच राहिली. आता गोळीचा हिशोब करा. 0.47 ग्रॅम अर्क म्हणजे जवळपास 50 ग्रॅम ताजी फळं, म्हणजे 160 मिलिग्रॅमच्या 3 गोळ्यांचा ऐवज मूठभर फळांएवढा. फिनलंडच्या अभ्यासात रोज त्याच्या आठपट फळं खाल्ली गेली होती.

तरीही घ्यायच्याच असतील तर लेबलवर "36 टक्के अँथोसायनिन" लिहिलंय का ते बघा. नुसतं "बिलबेरी पावडर 500 मिलिग्रॅम" यावरून काहीच कळत नाही. शिवाय हा अर्क महाग, त्यामुळे भेसळ होते. 2006 मध्ये बाजारातल्या अर्कात अमरंथ नावाचा कृत्रिम लाल रंग सापडला (राजगिऱ्याशी त्याचा संबंध नाही). फक्त रंगाची तीव्रता मोजणारी साधी चाचणी त्याने फसते. एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने घटक वेगळे केले की पकडला जातो. घरी करायचं तर चिमूटभर पावडर पाण्यात कालवून दोन वाट्यांत घ्या, एकीत लिंबू पिळा, दुसरीत खायचा सोडा टाका. अँथोसायनिन लिंबाने लाल आणि सोड्याने निळसर-हिरवट होतं. अमरंथ दोन्हीकडे लालच राहतो. मात्र जांभळाची किंवा काळ्या तांदळाची पावडर मिसळली असेल तर ती याच चाचणीत पास होते, कारण त्यांचाही रंग अँथोसायनिनचाच.

युरोपीय औषध संस्थेने वाळलेल्या फळांना किरकोळ जुलाबांसाठी पारंपरिक उपयोग म्हणून मान्यता दिली आहे. 5 ते 15 ग्रॅम फळं 250 मिलिलिटर पाण्यात उकळून गाळायची. वाळलेल्या फळातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आतडं आवळतं. ताजी फळं उलट पोट सैल करतात, त्यामुळे जुलाबात ती नकोतच. 3 दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा. पानांच्या काढ्याने शुगर उतरते असंही ऐकाल, पण तो जर्मनीच्या वनौषधी तज्ज्ञ समितीनेच नाकारला होता. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) किंवा शुगरची औषधं चालू असतील तर अर्काच्या गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांना सांगा.

रोप लावायचा विचारही सोडून द्या. बिलबेरीला सामू (pH) 4 ते 5 ची आम्ल माती, ओलावा आणि लांब गारठा लागतो. आपल्या काळ्या मातीचा सामू 8 च्या आसपास, त्यात चुनखडी. गंधक टाकून तो उतरवायला गेलात तर मातीतला चुनाच ते आम्ल संपवतो. कुंडीत आम्ल माती भरली तरी बोअरच्या पाण्यातले क्षार हळूहळू सामू चढवतात, मुळांना लोह मिळेनासं होतं, आणि पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात.

त्यापेक्षा जूनमध्ये बाजारात येणारं जांभूळ खा. त्यातही डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्व्हिडिन या बिलबेरीतल्याच रंगद्रव्यांचे अँथोसायनिन असतात, फक्त साखरेची जोडणी वेगळी. गर सालीसकट खा. रंग सगळ्यात जास्त सालीतच असतो.