आमची वाटचाल: कमी माणसं, कमी वजन, कमी हवा

समुद्रकिनारे आणि खडीचे कच्चे रस्ते यांवरच्या ग्रुप मोटरसायकल टूर, एवढाच आमचा धंदा. इतर व्यवसाय आपण किती वाढलो ते सांगतात. आम्ही एकेक गोष्ट कमी करत इथवर आलो.

पहिली कात्री लागली गाड्यांच्या संख्येला. आता एका ग्रुपमध्ये सहा, फार तर आठ रायडर, पुढे लीडर आणि शेवटी स्वीप. कारण साधं आहे. खडीवर धूळ उडते, म्हणून दोन गाड्यांत शंभरेक मीटर अंतर सोडावंच लागतं. पंधरा गाड्या असल्या की रांग दीड किलोमीटरची होते आणि फाट्यावर पुढचा कुठे वळला हे मागच्याला दिसत नाही. त्यावर आमची पद्धत अशी: प्रत्येक फाट्यावर लीडरच्या लगेच मागचा रायडर थांबतो, सगळ्यांना दिशा दाखवतो आणि स्वीप आला की त्याच्या पुढे निघतो. स्वीप दिसेपर्यंत जागा सोडायची नाही, मग अर्धा तास लागो. हे मोबाइलला रेंज नसतानाही चालतं. पण मोठ्या ग्रुपमध्ये एखादा कंटाळून निघतोच, आणि एक जण निघाला की मागचे सगळे चुकतात.

किनाऱ्यावर संख्येचा संबंध थेट पाण्याशी येतो. भरती-ओहोटीत साधारण सव्वासहा तास जातात, पण पाणी एका वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. म्हणून पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी आम्ही वाळूत उतरतो आणि ओहोटीनंतर दीड तासात शेवटची गाडी बाहेर असते. त्या साडेतीन तासांत एक पंक्चर, दोन पडापडी आणि एक रुतलेली गाडी बसवायची असते. आठ जणांत ते बसतं.

वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे टूरच्या तारखा आम्ही भरतीचं कोष्टक समोर ठेवूनच लावतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीला किनारा रुंद मिळतो, पण परत येणारं पाणी जोरात आणि जास्त वर येतं. अष्टमीच्या आसपास, भांगाला, पट्टी अरुंद पण पाणी शांत. नवख्यांचा ग्रुप आम्ही भांगालाच नेतो. आणि कोष्टकावर आंधळा विश्वास नको: समुद्रावरून जोराचा वारा असेल तर पाणी लिहिलेल्यापेक्षा वर चढतं.

जिथे वाहनांना बंदी आहे किंवा कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम चालू आहे, ते किनारे आमच्या यादीत नाहीत. बाकी ठिकाणी लेखी परवानगी, आणि वाळूच्या टेकड्यांवर चाक चढवायचं नाही. त्यांवरची झुडपं गेली की टेकडीच वाऱ्याने उडून जाते.

आता हवा. डांबरावर मागच्या टायरला ३६ पीएसआय असेल तर खडीवर २४ ते २६, आणि मऊ कोरड्या वाळूत १५ ते १८. हवा सोडली की टायर लांबट बसतो, वजन पसरतं, चाक रुतायचं थांबतं. पण ट्यूबच्या टायरला रिम लॉक (टायर रिमला दाबून धरणारी पकड) नसेल तर कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूब सोबत ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. म्हणून व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळत नाही, उलटा फिरवून टोपीला टेकवतो. व्हॉल्व्ह तिरका दिसला की टायर सरकला हे लगेच कळतं. जड ट्यूबलेस गाडीत १८ च्या खाली आम्ही जात नाही. वळताना टायरची कड रिमवरून सुटू शकते. वाळू संपल्यावर हवा परत भरणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि नेमकं तेच टाळलं जातं. तशीच गाडी खडीवर घातली की पहिल्याच दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते, शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, कधी रिमही वाकते. आता वाळूतून बाहेर पडण्याच्या जागेवर कॉम्प्रेसर आधीच लावलेला असतो.

वाळू वाचायची कशी? सगळ्यात कडक पट्टी दमट पण चमक नसलेली. जिथे वर पाण्याचा पापुद्रा चकाकतो तिथे वाळू पाण्याने भरलेली असते, चाक खाली जातं. ओढा समुद्राला मिळतो तिथे काठ उभा कापलेला असतो आणि लांबून दिसत नाही. लीडर आधी पायी उतरून बघतो.

चालवताना दुसरा गिअर, उभं राहून वजन मागे, थ्रॉटल चालू, ट्रॅक्शन कंट्रोल बंद. तो चालू असेल तर चाक जरा फिरताच इंजिनची ताकद कापतो आणि गाडी बसते. हँडल थोडं हलणारच, हलू द्यावं; घट्ट धरणारे आधी पडतात. थांबताना पुढचा ब्रेक नाही, थ्रॉटल सोडायचा, वाळूच गाडी थांबवते. रुतलीच तर रेस करू नये: चाक अजून खोल जातं आणि क्लच जळतो. गाडी आडवी करायची, खड्डा वाळूने भरायचा, गाडी उभी करून निघायचं. फार वेळ आडवी ठेवू नका, टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळतं.

इथेच वजनाचा प्रश्न येतो. दीडशे किलोची गाडी दोघे उचलतात. सामानासकट अडीचशेची उचलायला चौघे लागतात आणि दिवसात तिसऱ्यांदा उचलताना कंबरा जातात. म्हणून आमच्या ताफ्यात आता हलक्या गाड्या आहेत आणि अॅल्युमिनियमच्या पेट्या बंद. वाळूत पाय टेकला की मागून येणारी पेटी पिंढरीवर बसते. सामान पिकअपमध्ये, तो रस्त्याने जातो.

संध्याकाळी गाडी धुवायला गोडं पाणी, पण बेअरिंगवर प्रेशर मारायचं नाही. चेन वाळवून मग तेल, ढिलाई गाडीच्या पुस्तकाप्रमाणे, एअर फिल्टर उघडून बघायचा. आडव्या पट्ट्या पडलेल्या खडीवर स्पोक ढिले होतात. पान्याने एकेक वाजवला की बोदा आवाज देणारा सापडतो. पुढच्या २१ इंची चाकाची ट्यूब अडचणीत १८ इंची मागच्यातही घडी घालून चालते, म्हणून पाठपिशवीत तीच.

यंदापासून स्वतःची गाडी आणणाऱ्यांकडून बुकिंगच्या वेळी फोटो मागतो: चेन-स्प्रॉकेट, दोन्ही ब्रेक पॅड, आणि टायरच्या बाजूवरचे चार अंक. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, शेवटचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असूनही रबर कडक झालेलं असतं, ते तिथूनच कळतं.