लघु-गुरूची वही : सातवा महिना

भुजंगप्रयात हे वृत्त हातात घेतलं त्याला या आठवड्यात सात महिने झाले. वहीत ११२ ओळी जमल्या आहेत. त्यांतल्या दोन मला ठेवाव्याशा वाटतात. त्या कशा सापडल्या हे आठवतंय तोवर लिहून काढते, वृत्ताच्या मागे नव्याने लागलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

याच वृत्तापासून सुरुवात केली, कारण चाल आधीच कानात होती. मनाचे श्लोक आजोळी दिवेलागणीला रोज म्हणायचो. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ यात चार यगण आहेत (एक लघू आणि दोन गुरू अक्षरांचा गट म्हणजे यगण, थोडक्यात ‘लगागा’; लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन), लगागा चार वेळा, १२ अक्षरं, २० मात्रा, हे मात्र मला चाळिशी उलटल्यावर कळलं. ‘यमाताराजभानसलगा’ हे गण लक्षात ठेवायचं सूत्र पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. ते कानात उतरायला फार वेळ लागतो.

पहिले दोन महिने मी डोळ्यांनीच लिहीत होते. ऱ्हस्व दिसला की लघू, दीर्घ दिसला की गुरू, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. नियम म्हणून बरोबर आहे, पण मराठीत जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडतो का, ते दर वेळी म्हणून बघावं लागतं. ‘भक्ति’मधला भ गुरू होतो. ‘तुझ्या’तला तु, ‘पुन्हा’तला पु लघूच राहतात. मला हे खरं उमगलं ते ‘पुण्याला’ या एका शब्दावर. पुणे शहराला निघाले तर ‘पुण्याला’ लगागा होतं. पापाला आणि पुण्याला म्हणायचं असेल तर तोच शब्द गागागा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. त्या दिवसापासून प्रत्येक ओळ आधी मोठ्याने म्हणते, मग खुणा करते.

यानंतरची अडचण जास्त खोल होती. आजीच्या जात्यावर लिहायचं होतं, आणि ओळ सुचली ती अशी :

पहाटेच जाते घराला उठवते

म्हणून बघा, चालीत चपखल बसते. पण अक्षरं मोजली तर १३ भरली. ‘उठवते’ लिहिताना चार अक्षरं, ल-ल-ल-गा. बोलताना मात्र आपण ‘उ-ठव्-ते’ म्हणतो, म्हणजे तोंडात लगागाच. मात्रा दोन्हीकडे पाचच. मात्रावृत्त असतं, म्हणजे नुसत्या मात्रा मोजायच्या असत्या, तर हरकत नव्हती. गझल लिहिणारे काही जणही गुरूच्या जागी दोन लघू चालवून घेतात. गणवृत्तात प्रत्येक अक्षराचा लघु-गुरू ठरलेला असतो, तिथे ते चालत नाही, आणि मीही ती सूट घेत नाही. लिहिलेला ‘अ’ आपण बोलताना गिळतो आणि वृत्त तो मोजतं, या ओढाताणीतच मराठी गणवृत्ताची सगळी मजा आहे असं मला वाटतं. सूट घेतली की ही ओढाताण संपते.

मग नियम पाळून लिहिलं :

पहाटे उठूनी दळे माय जाते

एकही चूक नाही, तरी ही ओळ मला सहन होईना. ‘उठूनी’ आज कोण म्हणतं? आणि दळायची आजी. गण बसावा म्हणून मी तिची माय करून टाकली होती. वृत्तासाठी शब्द ताणला तर वाचक एखादे वेळी माफ करेल, पण माणूस बदलायचा नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

त्याच सुमारास भरतीच्या शब्दांची यादी केली : हो, ती, ते, ही, अन्, आणि सगळ्यांत जास्त ‘च’. जुन्या ओळींत लघू कमी पडला की ‘च’ चिकटवलेला सापडला. आता कसोटी एकच ठेवली आहे, ‘च’ काढल्यावर अर्थ हलला तरच तो राहतो. ‘भक्तिपंथेचि’मधला ‘चि’ काढून बघा, दुसरे रस्ते लगेच मोकळे होतात.

मधे पंधरा दिवस अक्षरछंदाकडे गेले होते. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनियां’, सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांना यमक. लघु-गुरूचं बंधन नसल्याने हात सैल झाला, एवढाच त्याचा फायदा.

परत आले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. माझ्या बहुतेक ओळींत प्रत्येक शब्द एकेका गणाच्या खोक्यात बसलेला असायचा, ‘घराला | मनाला | नव्याने | मिळाले’. ऐकताना नुसती टपटप. समर्थांची ओळ गणांनी तोडली तर ‘मना स | ज्जना भ | क्तिपंथे | चि जावे’ अशी तुटते. शब्द गणाची कड ओलांडून जातो, म्हणून ओळ वाहते. आता ठेवलेल्या दोन ओळी :

घराच्या उशाशी पहाटेच जाते
तिच्या पाठची ओळ मी आज गाते

पहिली अजून बरीचशी खोक्यात आहे. दुसरी मात्र ‘तिच्या पा | ठची ओ | ळ मी आ | ज गाते’ अशी सरकते. जात्यावर दोघी बसायच्या, एकीची ओवी संपली की दुसरी पुढची उचलायची. ती उचलण्याची लय या ओळीत आली असं मला वाटतं.

मामीला फोनवर वाचून दाखवलं. आजीच्या समोर खुंट्याला हात लावून ती वर्षानुवर्षं बसली आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “आत्याबाई पहाटेच गेल्या, ते लिहिलंस होय गं?” आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आजी. मी दळायचं जातं लिहिलं होतं. तिने जाणं ऐकलं. श्लेष हा अलंकार मी शाळेत परीक्षेपुरता पाठ केला होता. स्वतःच्या ओळीत तो मला दिसला नव्हता, मामीला दिसला. ‘पहाटेच’मधला ‘च’ मी काढणार होते. आता तो तिथेच राहील.

या आठवड्यात मंदाक्रांता या वृत्ताला सुरुवात केली आहे. १७ अक्षरं, चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. पहिले चार गुरू सोपे गेले, पुढचे सलग पाच लघू जात नाहीत. ‘आजीबाई, कणकण दळी’ इथपर्यंत आले आहे. मोजून बरोबर आहे, पण ‘कणकण’ बोलताना ‘कण्-कण्’ होतं, म्हणजे पुन्हा तोच गिळलेला ‘अ’. अंत्य इकार-उकार आपण दीर्घ लिहितो, त्यामुळे शब्दाच्या शेवटी लघू हवा असला की बहुतेक वेळा हा ‘अ’च हाताशी उरतो. सध्या रोज सकाळी ही अर्धी ओळ गाऊन बघते, प्रत्येक ‘अ’ पुरता उच्चारून.