फॉल, रोझरी आणि पणजीचं नाव

ऑक्टोबर लागला, फॉल म्हणजे पानगळ सुरू झाली की आमच्या घरात सगळीकडे पानं. गाडीत पानं, मुलाच्या दप्तरात पानं, वॉशिंग मशीनमध्ये सुद्धा पानांचा चुरा, कारण तो जॅकेटचे खिसे भरून आणतो आणि मी नेमके तेच तपासायचं विसरते. अमेरिकेत विस्कॉन्सिनला येऊन आता आठ वर्षं झाली, तरी रस्त्याकडेचे मेपल लाल व्हायला लागले की मी अजूनही गाडी हळू करते. आमच्या वसईच्या भुईगावात ऑक्टोबर म्हणजे अंगाची लाही करणारा उकाडा आणि शेतात पिवळं पडलेलं भात. इथे ऑक्टोबर म्हणजे सकाळी स्वेटर, दुपारी स्वेटर कमरेला बांधलेला आणि संध्याकाळी परत अंगात.

मुलगा तिसरीत आहे, ग्रीन बे शहराजवळच्या एका छोट्या कॅथलिक शाळेत. छोटी म्हणजे खरंच छोटी, केजी ते आठवी मिळून 71 मुलं, तिसरी आणि चौथी एकाच वर्गात बसतात, टीचर एक. मी आठवड्यातून दोन दिवस व्हॉलंटियर म्हणून जाते, कधी लंचला वाढायला, कधी क्राफ्टला मदतीला. इथे बऱ्याच ओळखीच्या लोकांना वाटतं की एवढ्या लहान शाळेत मुलांना काय मिळणार, स्विमिंग पूल नाही, मोठी लायब्ररी नाही. मी त्यांना प्रत्येक वेळी सांगते, एकदा ऑक्टोबरमध्ये येऊन बघा.

महिन्याची सुरुवात झाली प्राण्यांच्या आशीर्वादाने. असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण 4 तारखेला असतो, यंदा तो शनिवारी आला म्हणून शाळेने शुक्रवारीच घेतला. पार्किंग लॉटमध्ये कुत्री, मांजरं, हॅमस्टर, प्लास्टिकच्या डब्यात एक गोगलगाय, आणि आजूबाजूला सगळे डेअरीवाले शेतकरी असल्यामुळे एका मुलीने चक्क वासरू आणलेलं, दोरीला धरून. फादर पाण्याची बादली घेऊन प्रत्येकापुढे थांबले, गोगलगायीपुढे पण. वासराला बघून मला आमचा गोठा आठवला आणि उगाच गळा दाटून आला.

त्याच आठवड्यात रविवारी आगेरा. माझं आजोळ मुंबईतल्या गोराईचं, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या कॅथलिक लोकांचं, तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. टीचरला मी हे मागच्या वर्षी सहज बोलले होते, तिने लक्षात ठेवलं आणि सोमवारी मला पाच मिनिटं दिली वर्गाला सांगायला. माझ्याकडे लोंबी कुठली, मी मोबाइलवर मामीने पाठवलेला फोटो दाखवला. ह्या मुलांना मक्याचं शेत माहीत, गव्हाचं माहीत, भात कसा दिसतो ते पहिल्यांदाच बघत होती. एकाने विचारलं की तांदूळ पाण्यात उगवतो तर कुजत नाही का. मग पाच मिनिटांची वीस झाली.

7 तारखेला रोझरीच्या, म्हणजे मरियेच्या जपमाळेच्या, मातेचा सण, आणि त्या दिवशी शाळेत जिवंत रोझरी असते. म्हणजे मुलंच मणी होतात. पाच दशकांच्या (दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या) जपमाळेत 59 मणी असतात, 53 "नमो मरिये" प्रार्थनेचे आणि 6 "आमच्या बापा" प्रार्थनेचे, आणि आमच्याकडे मुलं 71, म्हणजे जवळजवळ प्रत्येकाला एक मणी मिळतोच. उरलेल्या 12 जणांत आठवीची मोठी मुलं क्रूस धरतात, बाकीचे मेणबत्त्या पेटवतात आणि बालवाडीतल्यांचा हात धरून त्यांना जागेवर उभं करतात. मोठ्या शाळेत ह्यासाठी कुणाला तरी निवडावं लागलं असतं. इथे निवड नाही, एक जण आजारी पडला तर माळेत भोक पडतं. त्या दिवशी दोन मुलं आजारी होती आणि त्यांच्या जागी शाळेचे केअरटेकर आणि लंचवाल्या बाई उभ्या राहिल्या, हातात त्याच मेणबत्त्या घेऊन, अगदी सातवीच्या मुलांच्या ओळीत.

प्रत्येक मुलाने आपल्या मण्याची प्रार्थना एकट्याने सुरू करायची, पुढचा अर्धा भाग सगळ्यांनी म्हणायचा. घरची भाषा वेगळी असेल तर त्या भाषेत म्हणायची मुभा. बऱ्याच जणांनी स्पॅनिशमध्ये म्हटली, दोन बहिणींनी हमाँग भाषेत, एका मुलाने फ्रेंचमध्ये, त्याचे पूर्वज बेल्जियमचे. आणि माझ्या मुलाने "नमो मरिये कृपापूर्णे" म्हटलं, थोडं घाईत, पण एकही शब्द न चुकता. घरी आम्ही रात्री मराठीतच म्हणतो म्हणून त्याला येतं. पण शाळेच्या त्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या हॉलमध्ये, अमेरिकन मुलांच्या रांगेत, माझ्या आजीच्या सुरात आलेलं ते ऐकलं तेव्हा मी मागे खुर्ची धरून उभी राहिले.

मग 9 तारखेची फील्ड ट्रिप. ही मला फार महत्त्वाची वाटते म्हणून जरा सविस्तर लिहिते. ग्रीन बेहून साधारण अर्ध्या तासावर चॅम्पियन नावाचं गाव आहे, चहूकडे शेतं, आणि मध्ये मरियेचं तीर्थस्थान. 1859 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे अडेल ब्रीस नावाच्या बेल्जियन मुलीला दोन झाडांच्या मध्ये, एक मेपल आणि एक हेमलॉक, पवित्र मरियेचं दर्शन झालं. अडेल 28 वर्षांची होती, आईवडिलांबरोबर चार वर्षांपूर्वीच बोटीने आलेली, शिक्षण जेमतेम, आणि लहानपणीच्या अपघातात एक डोळा गेलेला. मरियेने तिला सांगितलं की ह्या रानटी मुलखातली मुलं गोळा कर आणि त्यांना तारणासाठी जे माहीत असायला हवं ते शिकव. बस, एवढंच काम. चर्च बांध नाही, चमत्कार दाखव नाही, मुलं गोळा कर.

आणि तिने केलं. जंगलातून मैलोन्मैल चालत घरोघर जायची, मुलांना शिकवू द्या, बदल्यात मी तुमचं घरकाम करते असं सांगायची. म्हणजे भांडी घासून, झाडून काढून मग धडा. नंतर तिथे छोटी शाळा झाली, मदतीला आणखी बायका आल्या. 1871 मध्ये 8 ऑक्टोबरच्या रात्री ह्या भागात भयंकर वणवा लागला, पेश्टिगोची आग म्हणतात तिला, अमेरिकेतली सगळ्यात जास्त बळी घेणारी जंगलाची आग, 1200 ते 2500 माणसं गेल्याचे अंदाज आहेत. शिकागोची मोठी आग त्याच रात्रीची, म्हणून ही जगाला फारशी माहीत नाही. आजूबाजूचे शेतकरी बायकामुलं आणि गुरंढोरं घेऊन अडेलच्या चॅपलच्या आवारात आले, मरियेची मूर्ती उचलून रोझरी म्हणत आवारात फिरत राहिले, गुडघ्यांवर सुद्धा. पहाटे पाऊस आला. भोवतालचं सगळं जळालं आणि आतलं आवार राहिलं. दर्शनानंतर दीडशे वर्षांनी, 8 डिसेंबर 2010 ला, ग्रीन बेचे बिशप रिकन यांनी ह्या दर्शनाला मान्यता दिली, अमेरिकेत अशी मान्यता मिळालेलं हे पहिलंच.

आमची मुलं त्या आवारात चालली, पायाखाली पानांचा सडा, टीचर पुढे, रोझरी चालू. मग जेवायच्या वेळी एका चौथीतल्या मुलीने विचारलं, अडेलबरोबर ज्या बाकीच्या बायका शिकवायच्या त्यांची नावं काय? टीचरने एक-दोन नावं सांगितली आणि म्हणाली, बाकीच्या मला माहीत नाहीत गं. तो प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून राहिला.

31 तारखेला संतांची परेड. सर्व संतांचा सण 1 नोव्हेंबरला, यंदा शनिवारी, म्हणून आदल्या दिवशीच. मुलांनी एकेक संत व्हायचं, तीन क्लू द्यायचे, बाकीच्यांनी ओळखायचं. यंदा चार-चार कार्लो आकुटिस होते, लाल टी-शर्ट आणि पाठीवर सॅक, कारण सप्टेंबर 2025 मध्येच त्यांना संतपद मिळालं आणि कॉम्प्युटरवाला संत म्हटल्यावर मुलं खूषच. माझ्या मुलाने मात्र ऑगस्टमध्येच ठरवलेलं, गोन्सालो गार्सिया. आमच्या शेजारच्या गासच्या चर्चला त्यांचंच नाव आहे, मागच्या सुट्टीत तिथे मिस्साला गेलेलो, तेव्हापासून त्याच्या मनात होतं. जुन्या तपकिरी पडद्याचा झगा शिवला, कमरेच्या दोरीला फ्रान्सिस्कन लोकांच्या, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातल्यांच्या, तीन गाठी त्याने स्वतः मारल्या.

त्याचे क्लू असे: मी माझ्या आजी-आजोबांच्या तालुक्यात जन्मलो. मला जपानी इतकं छान यायचं की मी धर्मगुरूंचा दुभाषी झालो. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत 26 जणांना क्रूसावर मारलं त्यातला मी एक. आणि मग "कोन्निचिवा" आणि "नमस्कार" दोन्ही म्हणाला. अर्थातच कुणालाच ओळखता आलं नाही, फादरना सुद्धा नाही, आणि मला खात्री आहे ह्याचा त्याला मनापासून आनंद झाला. मग त्याने सांगितलं, वसई, आई वसईची, वडील पोर्तुगीज, आधी व्यापारी, मग मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर, 1862 मध्ये संत, भारतात जन्मलेला पहिला संत. फादरनी नकाशा खाली ओढला आणि म्हणाले, दाखव कुठे. त्याने मुंबईच्या थोडं वर बोट ठेवलं. एवढंसं बोट, पण त्याच्याखाली आमचं अख्खं गाव होतं.

आता नोव्हेंबर, मृतांचा महिना. वर्गात एक सुकी फांदी बादलीतल्या वाळूत उभी केलीय. मुलांनी गोळा केलेली पानं आम्ही वॅक्स पेपरमध्ये ठेवून इस्त्री फिरवली (इस्त्रीच्या टेबलावर मी, बोटं भाजली दोनदा), त्यामुळे ती लालच राहतात, कुरकुरीत होत नाहीत. प्रत्येक पानाला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव, आणि महिनाभर रोज सकाळी त्यातली काही नावं घेऊन प्रार्थना. एका मुलीने टीचरला जवळ बोलावून हळूच विचारलं, आमचं बाळ जन्मायच्या आधीच गेलं, त्याला नाव नव्हतं, तर काय लिहू. टीचर तिच्याशेजारी खाली बसली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण पानावर "बाळ" लिहिलेलं मी नंतर बघितलं.

माझ्या मुलाला माझ्या आजीचं, म्हणजे त्याच्या पणजीचं नाव लिहायचं होतं. ती गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. पण आमच्या घरी रोझरी तिच्यामुळेच आहे, संध्याकाळी सात वाजता दिवा लावून ती ओट्यावर बसायची आणि आळीतली पोरं आपोआप जमायची, आम्ही भावंडं, शेजारची, कधी पाहुण्यांची. हातात कायम काहीतरी काम, लसूण सोलणं नाहीतर वाल सोलणं, आणि तोंडाने रोझरी. कुणी डुलकी घेतली की खांद्यावर टपली. आमच्यातल्या कितीतरी जणांना प्रार्थना तिनेच शिकवल्या, कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गाला जायच्या आधीच.

मुलाने विचारलं, मम्मी, तिचं नाव काय? आणि मला आठवेना. आम्ही आजी म्हणायचो, गाव मोठ्या काकाच्या नावाने अमक्याची आई म्हणायचं, कार्डावर इंग्लिशमध्ये काहीतरी अर्धवट. मी पप्पांना फोन केला. पप्पा म्हणाले, आम्ही आई म्हणायचो गं, आणि मग बराच वेळ गप्प. त्यांना दोन नावं आठवत होती, लग्नाआधीचं कुठलं आणि बाप्तिस्म्याचं कुठलं त्याचा मेळ लागेना.

रविवारी 2 नोव्हेंबरला ते दफनभूमीत गेले, तसे जातातच दरवर्षी, झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या घेऊन, फादर कबरींना आशीर्वाद देत फिरतात तेव्हा. आमच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी उठले तर व्हॉट्सअॅपवर फोटो, क्रूसावरची पाटी, पप्पांनी ओल्या रुमालाने पुसलेली, आणि खाली त्यांनी टाइप केलेलं पूर्ण नाव.

नाव इथे लिहीत नाही. मुलाने सोमवारी ते देवनागरीत लिहिलं, जांभळ्या खडूने, एक वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ करून, आणि टीचरने ते पान फांदीच्या खालच्या टोकाला बांधलं, "बाळ"च्या शेजारी. मंगळवारी सकाळी प्रार्थनेत ते नाव यायचं होतं, म्हणून आदल्या दिवशी टीचर माझ्याकडून उच्चार शिकत होती, जाता जाता दारात थांबून, तीन-चार वेळा.