जाळ नाही, मग भाजणार कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंडक्शनच्या शेगडीचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: "जाळ नाही, काचही तापत नाही म्हणतात, मग भाजायची भीती नाहीच ना?"

काच स्वतःहून तापत नाही, हे खरं. तिच्याखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातली वीज सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलते, त्यामुळे चुंबकीय क्षेत्रही तसंच बदलत राहतं आणि भांड्याच्या बुडातच प्रवाह फिरून बूड तापतं. पण तापलेलं भांडं ज्या काचेवर बसलंय, ती त्याच्यामुळे तापणारच. भांडं उचललं तरी काच दिसते तशीच, काळी आणि निवांत. मी एकदा उकळत्या पाण्याचं पातेलं बाजूला ठेवलं आणि लगेच शेगडी पुसायला गेले. तळहात चांगलाच पोळला. डिस्प्लेवर 'एच' चमकत होता, म्हणजे 'अजून गरम आहे'. बघतंय कोण!

माझी खरी काळजी मात्र तेलाची. बहुतेक शेगड्यांमध्ये तापमानाचा सेन्सर काचेखाली मध्यभागी असतो. त्याला तेल किती तापलंय ते थेट कळत नाही, काचेतून जेवढी ऊब खाली झिरपते तेवढीच कळते. भांड्याचं बूड मध्ये वर उचललेलं असेल तर फट पडते आणि सेन्सरला खबर उशिरा लागते. तोवर तळाशी असलेलं थोडंसं तेल धुरावलेलं असतं, प्रसंगी पेटतंही. गॅसवर आपण जाळ बघून अंदाज बांधतो, इथे नुसता आकडा दिसतो. त्यामुळे 'आपोआप बंद होते' म्हणून तेल ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. थोड्या तेलाला पूर्ण आच कधीच देऊ नका. रिकाम्या नॉनस्टिक तव्याचंही तेच. २६० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचं कोटिंग खराब व्हायला लागतं आणि रिकामा तवा तिथवर फार लवकर पोचतो.

भांडं घेताना बुडाला चुंबक चिकटतो का ते सगळे बघतात. मी पालथं करून त्यावर पट्टीही धरते. खालून उजेड दिसला की ते भांडं परत.

विजेचं थोडक्यात: २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढते. तिला भिंतीतला मोठा प्लग द्या, मिक्सरशेजारचा एक्स्टेंशन बोर्ड नको. बंद केल्यावरही आतला पंखा फिरत असतो. तो थांबेपर्यंत प्लग काढू नका आणि हवेच्या जाळीला कापड चिकटू देऊ नका. काचेला बारीकशी चीर गेली तरी शेगडी वापरणं थांबवा, कारण उतू गेलेलं पाणी त्या चिरेतून थेट विजेपर्यंत पोचू शकतं.

मग घ्यावी का? घ्या की. उघडी ज्योत नाही, त्यामुळे सैल बाही पेटायचा धोका टळतो, ज्वलनातून होणारे वायूही घरात साचत नाहीत. घरात कुणाला पेसमेकर असेल तर मात्र आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. चालू शेगडीपासून पेसमेकर किमान ६० सेंटीमीटर लांब असावा, असं ब्रिटिश हार्ट फाउंडेशन सांगतं. वाकून ढवळताना तेवढं अंतर राहत नाही.